नळाच्या तोंडाचं फडकं

रूथ, आज शुक्रवार. सकाळपासून माझं लक्ष दाराकडे. तुझी यायची वेळ झाली की माझं तोंड आपोआप भांडायला तयार होतं, त्याला अजून कळलेलं नाही की तू गेलीस. शिव्वाचे, सुतकाचे, सात दिवस काल संपले. आरशावरची चादर काढली, जमिनीवरच्या गाद्या गुंडाळल्या, शेजारणींनी आणलेल्या उकडलेल्या अंड्यांची टोपली परत केली. भावजी अजून तसेच बसून आहेत, दाढी वाढवून. आज त्यांना हाताला धरून पानावर बसवायला लागलं.

आठवडाभर लोक येऊन तुझ्याविषयी बोलून गेले. किती हुशार, किती सरळ, पाण्याबद्दल तिचा शब्द म्हणजे शब्द! मी मान डोलवत होते. मला काय नवीन सांगता, मी तिची मोठी जाऊ आहे, असं मनात म्हणत होते. काल शेवटच्या दिवशी एक माणूस आला आणि जे बोलला ते माझ्या छातीत अडकून बसलंय. ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तुलाच सांगायचंय, दुसऱ्या कोणाला सांगताच येत नाही.

तुला बघायला ठाण्याला मीच आले होते. तू चहा आणलास, त्यात साखर कमी. मी भावजींना म्हटलं, मुलगी शिकलेली आहे, जीभही तिखट दिसते, आपल्या घरात एक तिखट पुरे आहे. त्यांनी ऐकलं नाही. तू मुंबईत पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होतीस, आणि लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या मोरीत उभी राहून म्हणालीस, "वहिनी, हे नळाचं फडकं शेवटचं कधी धुतलंत?" नवी नवरी! मेंदी उतरली नव्हती हातावरची! मी म्हटलं, "आमच्या सासूबाई बांधायच्या, त्यांच्या सासूबाई विहिरीच्या घागरीवर बांधायच्या. आजवर कोणी मेलं नाही." तू हसलीस, पण तुझं ते हसणं मला आवडलं नाही.

आणि मी तरी काय चूक बोलले होते? मुंबईत कोणाच्या नळाला फडकं नव्हतं? गाळून घेतल्याशिवाय आपल्या घरात पाणी हंड्यात जात नसे. मग इथे इस्रायलला आलो, बेरशेवाच्या बाहेर त्या माबाऱ्यात. तात्पुरती छावणी म्हणे! पत्र्याच्या खोल्या, वाळू आणि अख्ख्या गल्लीला मिळून एक नळ. पहिल्या दिवशी त्या नळातून लालभडक गंजाचं पाणी आलं. मी पेटी उघडली, जुन्या मलमलच्या साडीचा पदर फाडला आणि नळाला बांधला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आता कसं घरासारखं वाटलं. दर शुक्रवारी, शनिवारच्या शब्बाथच्या आधी, मी ते सोडायची, खळबळून पिळायची आणि पुन्हा बांधायची. परक्या देशात तेवढं एक काम मला कोणाला विचारून करावं लागत नव्हतं.

तुला तिथल्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. आधी बाटल्या धुवायला ठेवलं, मग तुझा हात बघून तपासायलाही देऊ लागले. संध्याकाळी बसमधून उतरलीस की घरी न जाता तू आधी नळाशी थांबायचीस, त्या फडक्याला दोन बोटं लावायचीस आणि बोटं एकमेकांवर चोळून बघायचीस. "बुळबुळीत लागतंय, वहिनी."

"पाण्यात असलेलं फडकं बुळबुळीत लागणार नाही तर काय कुरकुरीत लागेल?"

मग तुझं व्याख्यान. चांगल्या पाण्यात जंतूंना खायला काही नसतं, पण म्हणून ते लगेच मरत नाहीत. उपाशी पडून राहतात, अंग आकसून घेतात, वाट बघतात. पाण्यात औषध टाकलं की मोकळे पोहणारे मरतात. पण ओली जागा मिळाली, थोडा चिकटा मिळाला, की त्यात धरून बसतात. वरचा थर औषध खातो आणि आतले मजेत. मी म्हणायची, इथे माणसांना धड घर नाही आणि तू जंतूंच्या घराचं सांगतेस. गल्ली हसायची. तूसुद्धा हसायचीस.

मग तो उन्हाळा आला. आधी पलीकडच्या खोलीतली दोन मुलं तापली. मग आमची सिम्हा. सात वर्षांची पोर, दिवसभर उड्या मारणारी, एका दुपारी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली ती उठेचना. ताप उतरेना. जीभ पांढरी, पोट फुगलेलं, डोळे उघडे पण ओळख नाही. इस्पितळात म्हणाले विषमज्वर. माझ्या मोठ्या बहिणीला मी त्याच तापात जाताना बघितलेलं होतं.

खात्याचा इन्स्पेक्टर आला. उन्हं वर आल्यावर आला, पाणी सुटून बराच वेळ झाल्यावर. त्याने नाक मुरडून माझं फडकं सोडलं आणि वाळूत टाकलं. स्पिरिटचा बोळा पेटवून नळाचं तोंड भाजलं, पाणी भरपूर वाहू दिलं आणि मग बाटली भरली. चार दिवसांनी पुन्हा तसंच. तो गेला की मी नवं फडकं बांधायची, त्याच साडीचं. निकाल दोन्ही वेळा एकच, पाणी उत्तम. मग चूक कोणाची? आमची! घरं तपासायला माणसं आली. माझे पितळेचे डबे उघडून हुंगले गं त्यांनी! आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात न लावणाऱ्या आम्ही, आणि आम्हाला हात कसे धुवायचे ते शिकवत होते. एक कारकून म्हणाला की हिंदी लोकांची गल्ली आहे, असंच होणार. यांचा नळच बंद करा आणि टाकीची गाडी पाठवा. त्या उन्हात, घरोघरी लेकरं असताना! आधीच आमच्या यहुदीपणावर शंका घेणारे लोक होते, आता आमच्या स्वच्छतेवरही घ्यायला लागले.

तू त्या रात्री जेवली नाहीस. सकाळी मला म्हणालीस, "वहिनी, त्यांची पद्धत बरोबर आहे. म्हणूनच काही सापडत नाहीये. नळ भाजून, वाहू देऊन घेतलेलं पाणी कोणी पीत नाही."

त्या सकाळी पाणी सुटायच्या आधीपासून तू नळाशी उभी होतीस. नळ भाजला नाहीस, वाहू दिला नाहीस. पहिली गुळणी टाकल्यासारखं जे पाणी आलं ते तसंच, फडक्यातून, उकळलेल्या बाटलीत घेतलंस. नियम मोडून. कामावरून काढलं असतं तुला. भावजींचं काम तेव्हा सुटलेलं होतं, तुझ्यावर घर चाललं होतं, आणि तरी तू ती बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून बसमध्ये चढलीस.

निकालाला वेळ लागतो, हे मला तेव्हा कळलं. जंतू वाढू द्यायचे, मग मोजायचे. मी इस्पितळात सिम्हाच्या उशाशी बसायची, शेमाची प्रार्थना म्हणायची, एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलायची, आणि तू तिकडे ऊबेच्या पेटीत काचेच्या बशा ठेवून बसलेली. तेव्हा मला तुझा इतका राग यायचा! वाटायचं, माझी पोर इथे जातेय आणि ही बशा मोजतेय.

पुढची संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. मी इस्पितळातून पायी आले होते, घशाला कोरड पडलेली. पाणी नुकतंच सुटलं होतं, बायका रांगेत उभ्या होत्या. तू बसमधून उतरून धावत आलीस. धावत! तुला धावायची बंदी होती, लहानपणच्या सांधेतापाने तुझं काळीज नाजूक झालेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तू ओरडलीस, "कोणी पिऊ नका! बशा जंतूंनी लाल भरल्यात!" गलका झाला. कोणी म्हणालं फडक्यात घाण आहे म्हणते ही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पेला घेतला, फडक्याखाली धरला, काठोकाठ भरला. "हे बघ. माझं फडकं, माझं पाणी. पिते."

तू माझ्या हातावर मारलंस. पेला उडाला, रांगेतल्या बाईच्या पायावर पडला. धाकट्या जावेने मोठ्या जावेवर हात उचलला, सगळ्या गल्लीसमोर. तुझे ओठ निळे पडले होते. मग तू नळाचं फडकं सोडलंस, बरणीत घातलंस, झाकण लावलंस आणि माझ्याकडे न बघता गेलीस. त्याचा राग अजून आहे बरं का. तू गेलीस म्हणून मी तो सोडून दिलाय असं समजू नकोस.

नंतरचं काम मी दुरून बघितलं, कारण मी तुझ्याशी बोलत नव्हते. माझी उरलेली साडी तू भावजींकरवी मागवून घेतलीस. तिचे तुकडे केलेस, उकळलेस, कडक उन्हात वाळवलेस, आणि छावणीतल्या एकेका नळाला एकेक बांधलास. आमच्या गल्लीपासून वर मोठ्या पाइपापर्यंत, मोरोक्कोवाल्यांच्या नळाला, दवाखान्याच्या नळालाही. लोक म्हणाले, या हिंदी बाईने आता सगळ्यांना आपला रोग लावायचं ठरवलंय. तू म्हणालीस, बाटलीत क्षणाचं पाणी येतं, फडक्यातून दिवसभराचं जातं. जे वाहून गेलं त्यातलं काही तरी ते धरून ठेवतं. मोठ्या पाइपाजवळचे तुकडे स्वच्छ निघाले. मोरोक्कोवाल्यांचाही स्वच्छ. त्यांच्या पुढचे सगळे खराब. म्हणजे घाण त्यांच्या आणि त्यापुढच्या नळाच्या मधे कुठेतरी शिरत होती.

आरोग्य खात्याचा डॉक्टर, तो पोलंडवाला, म्हणाला की खणायला परवानगी लागेल, सबलानुत. सबर करा! माझी पोर तिकडे तापाने फणफणतेय आणि सबर करा! भावजी, सिम्हाचे बाबा आणि मोरोक्कोचे ते दोघे आडदांड भाऊ कुदळी घेऊन निघाले. परवानगी आली तेव्हा खड्डा खणून झाला होता. संडासाच्या खड्ड्याला लागून पाइप गेलेला आणि त्याला बोटभर भेग. पाणी बंद असलं की पाइप रिकामा व्हायचा आणि बाहेरचं आत ओढायचा. पाणी सुटलं की ती पहिली घाण थेट आमच्या गल्लीत. थोड्या वेळाने पाणी पुन्हा स्वच्छ, आणि त्या वेळेला साहेब बाटली घेऊन हजर.

पाइप बदलला. छावणीतल्या नळांची फडकी काढायचा हुकूम निघाला. सिम्हाला तापावरचं नवं औषध लागू पडलं. ज्या सकाळी तिने डोळे उघडून मला ओळखलं आणि हिब्रूत पाणी मागितलं, त्या सकाळी मी आधी नर्सच्या गळ्यात पडले आणि मग बाहेर येऊन तुझ्या. आपलं बोलणं तिथे सुरू झालं. मी तुला पहिलं काय विचारलं, आठवतं? "माझ्या फडक्यात ते होतं का? खरं सांग."

तू माझ्या डोळ्यात बघून म्हणालीस, "नाही वहिनी. फडक्यात साधी घाण होती, असते तशी. तापाचा जंतू पाइपातून सरळ पाण्यात आला. फडकं असतं नसतं तरी आलाच असता."

बाई गं, मला केवढं हलकं वाटलं! आणि मग मी काय सोडते? वर्षानुवर्षं ऐकवलं तुला. आपल्याला इथे पक्की घरं मिळाली, स्वयंपाकघरात स्वतःचा नळ आला, त्याला मी पुन्हा फडकं बांधलं. तू दर शुक्रवारी यायचीस, फडकं सोडून घेऊन जायचीस, तुझ्या स्टोव्हवर उकळायचीस, कडक वाळवून आणून द्यायचीस. मी म्हणायची, "घासलेट काय तुझा बाप देतो? तूच म्हणाली होतीस ना, फडक्यात काही नव्हतं!" तू म्हणायचीस, "हो, वहिनी, नव्हतं. तरी द्या." दर शुक्रवारी मी जिंकायची. इस्पितळात शेवटच्या दिवशी तुला श्वास पुरत नव्हता, तरी तू म्हणालीस, "फडकं... या शुक्रवारी सिम्हाला उकळायला सांगा." मी म्हटलं, "गप पड, हट्टी कुठली. जन्मभर हरलीस तरी तुझं आपलं चालूच." मी तुला शेवटचं बोलले ते हे. तू हसलीस, आणि ते हसणं मला कळलं नाही.

काल तो पोलंडवाला डॉक्टर आला. म्हातारा झालाय आता. त्याचं इंग्रजी मोडकं आणि माझंही मोडकं, म्हणून आमचं बरं जमलं. सिम्हा मागे भांडी घासत होती. तो तुझं कौतुक करत होता. म्हणाला, एवढ्या वर्षांत एकदाच मी तिला निकाल झाकायला सांगताना बघितलं. मला वाटलं कुठल्या तरी साहेबाचं प्रकरण असेल. मी विचारलं, कोणता निकाल?

त्याला वाटलं मला ठाऊक आहे. तो म्हणाला, ते बरणीतलं फडकं. तापाचा जंतू आम्हाला सगळ्या छावणीत एकाच जागी सापडला. पाण्यात नाही, इतर तुकड्यांवर नाही. तुमच्या गल्लीच्या नळाला बांधलेल्या त्या जुन्या कापडात. बशीवर काळे चकाकणारे ठिपके आले. पाइपातून कधीतरी येऊन तो त्या चिकट्यात तग धरून बसला होता; पाणी स्वच्छ झाल्यावरही, पिळल्यावरही. जो कोणी तिथून पेला भरत होता त्याला तो थोडा थोडा मिळत होता. मी ते लिहायला घेतलं तर तुमची रूथ माझ्या टेबलासमोर उभी राहिली. म्हणाली, पाइपाचं लिहा, ते खरं आहे. सगळी फडकी काढायचा हुकूम काढा, कोणाला धोका राहायला नको. पण कोणत्या नळाचं कापड, ते लिहू नका. ते बांधणारी माझी बहीण आहे. तिची पोर अजून खाटेवर आहे.

बहीण म्हणालीस तू.

मग त्याने माझा चेहरा बघितला. टोपी उचलली, काहीतरी पुटपुटला आणि गेला. मी तिथेच बसून राहिले. म्हणजे माझ्याच हाताने, रूथ. माझ्या साडीच्या पदरातून मी माझ्या लेकीला ते पाजत होते, शब्बाथचं फडकं खळबळून. आणि तुला ते ठाऊक होतं. मी तुला चिडवत होते तेव्हा ठाऊक होतं, गल्लीत तुझी टर उडवत होते तेव्हा ठाऊक होतं. त्या पेल्याच्या वेळीच तुला संशय असणार, म्हणून तर मारलंस. सगळा देश ज्या बाईच्या शब्दावर पाणी प्यायचा, ती माझ्याशी, एकट्या माझ्याशी, डोळ्यात डोळे घालून खोटं बोलली आणि ते खोटं जन्मभर पोसलं. एकदा तरी चिडून सांगायचं होतंस! मी तुला सोडलं नसतं, पण सांगायचं होतंस. नाही, बरं झालं सांगितलं नाहीस. मी त्या खाटेशेजारी बसू शकले नसते. बघ, मला अजून ठरवता येत नाहीये.

हात पुसत सिम्हा बाहेर आली. आता ती माझ्याहून उंच झालीय. माझा चेहरा बघून घाबरली. हिब्रूतच आई म्हणून हाक मारत विचारलं तिने, एमा, काय म्हणाला डॉक्टर?

मी तिच्या डोळ्यात बघितलं आणि मराठीत सांगितलं, "म्हणाला, तुझ्या काकीने कधी खोटा निकाल दिला नाही."